शेवटच्या वर्षाच्या मुलांची सुट्टी : तुमचे अनुभव

गणपतीत आमच्या वाडीत आरत्या घरोघर फिरतात आणि पहिलं घर कोणाचं यावरून दरवर्षी रुसवे-फुगवे. यंदा यादी बारावीतल्या एका मुलीने केली. ज्या घरी मुंबईहून कोणीच आलं नाही, ती घरं आधी! भांडायला कोणाला तोंडच उरलं नाही. शाळा-कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी सुट्टीत असं काही केलेलं पाहिलंय? लिहा.

श्रीवर्धनची माहेरवाशीण
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी ठाण्यात अडकलेले. गावाला वीज नाही, फोन नाही. तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबर : "ताई, काकूंचा निरोप आहे. सगळे बरे आहेत. कौलं गेलीत." बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. परीक्षा होणार की नाही, तेही तेव्हा ठरलेलं नव्हतं. रोज सकाळी आडव्या पोफळींवरून (सुपारीच्या झाडांवरून) उड्या मारत घरोघर जायचा, जर्नलच्या कोऱ्या पानांवर नंबर आणि निरोप उतरवून घ्यायचा आणि रेंज मिळेल तिथवर बाइक दामटायचा. संध्याकाळी उत्तरं घेऊन परत. आईला म्हणे त्याने विचारलं होतं, "काकू, कौलांचं आधी सांगू की बरे आहात ते?" त्याची स्वतःची बाग सपाट झाली होती हे आम्हाला फार उशिरा कळलं. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात.

दापोली तालुक्यातून
आमच्याकडे कृषिकन्या राहायला होत्या, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या. दिवाळीत चौघी घरी गेल्याच नाहीत, वहाळावर पाणी अडवायला वनराई बंधारा घालायचा होता. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पण सगळा उतारावरून समुद्रात. मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून, तोंडं सुतळीने शिवून त्यांनी एकावर एक रचल्या. ढासळल्या. काठावर एक म्हातारे गवंडी बसून गंमत बघत होते. मुलींची म्होरकी सरळ त्यांच्यापाशी गेली, "आजोबा, तुम्ही सांगा, आम्ही उचलतो." मग विटांसारखी सांधेमोड करत रचल्या. फेब्रुवारीत आमची बैलं तिथेच पाणी पीत होती.

मालवणातून
थोडं वेगळं लिहिते. माटवीसाठी (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीसाठी) रानातून कवंडळं आणणाऱ्या दहावीच्या मुलग्यांचं कौतुक सगळे करतात. त्यांच्याच वर्गातली मुलगी आमच्याकडे सकाळपासून आडाळ्यावर (विळीवर) बसून नारळ खवत होती. तिला कोणी शाबासकी दिलेली मी तरी ऐकली नाही. मीही दिली नाही, खरं तर.

धागाकर्ता
श्रीवर्धनच्या ताई, तो जर्नलवाला आता कुठे आहे?

श्रीवर्धनची माहेरवाशीण
पुण्यात नोकरीला. गणपतीला आला की आई अजून माझ्यासाठीचा निरोप त्याच्याकडेच देते. मी समोर बसलेली असले तरी.