सुचतं कुठून? आपापले अनुभव लिहा

रेघोट्या
काल कोल्हापुरात शाहू मिलच्या बाजूनं येताना कोटितीर्थ तलावाच्या काठावर एक मुलगा मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला दिसला आणि आमचे चित्रकलेचे सर आठवले. रविवारी ते आम्हाला तिथंच न्यायचे, दर वेळी तिथंच. आम्ही वैतागायचो, पन्हाळ्याला चला म्हणायचो. सर म्हणायचे, आबालाल रहिमान इथं राहिले, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून आलेला, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार, त्यांना हे पाणी रंगवून कधी पुरं वाटलं नाही आणि तुम्हाला एवढ्यात कंटाळा? मग डोळे किलकिले करायला लावायचे. हिरवा निळा विसरा, काळोख कुठाय आणि उजेड कुठाय तेवढं बघा. तसं बघितल्यावर पाण्यातनं वर आलेल्या म्हशीच्या पाठीवरचा ओला पट्टा अख्ख्या देखाव्यात सगळ्यात पांढरा असतो हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि तिथं रंग लावायचाच नाही, कागद कोरा सोडायचा. अजूनही चित्र अडलं की मी नवी जागा शोधत नाही, घरच्याच खिडकीशी डोळे किलकिले करून बसते. मला आधी नीट दिसावं लागतं, मग सुचतं. तुमचं कसं? लिहिणारे, गाणारे, घडवणारे सगळ्यांनी सांगा.

कुंभारगल्ली
ताई आमच्यात जुलै लागला की गणपतीच्या मूर्तींमुळं सुचायला सवडच न्हाई, हात चालूच. पण डोळ्यांची आखणी घाईत हुईत न्हाई. ती सगळ्यात शेवटी, रात्री, गिऱ्हाईक गेल्यावर. वडील आखणीला बसले की घरातला टीव्ही बंद. बुबुळ सूतभर सरकलं तर मूर्ती भलतीकडंच बघती. त्यांनी कधी फोटो समोर ठेवला न्हाई, विचारलं तर म्हणायचे मूर्तीच सांगती. २०१९ च्या पुरात कच्च्या मूर्ती पाण्यात विरघळल्या, पाणी उतरल्यावर कुणाशी न बोलता तीच माती परत मळायला घेतली त्यांनी.

शिवाजीपेठ
काटा आला भावा अंगावर

सातवीगल्ली
शाडूचं बुकिंग कधीपास्नं घेताय? फूटभराची पाहिजे, मागल्या वर्षी मिळालीच नाही

कुंभारगल्ली
आषाढी झाली की या वहिनी, ठेवतो एक.

तिसरी घंटा
मी एकांकिका लिहिते आणि माझं निम्मंअधिक एसटीत सुचतं, गारगोटी गाडीत. मागच्या सीटवर एक मावशी दुसरीला सांगत होत्या, "त्यो गेला तवा मला रडू न्हाई आलं, उंबऱ्याला त्याची चप्पल दिसली तवा आलं." त्या वाक्याभोवती सगळं नाटक उभं राहिलं.
पण ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली त्यावर मात्र अजून लिहवत नाही. शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर ते, १९१५ सालचं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माझं पहिलं नाटक तिथंच झालेलं. रस्त्यावर उभं राहून माणसं हमसून रडत होती. सगळे म्हणतात यावर लिही, पण दुःख ताजं असताना मला शब्द नाही सुचत, मुरावं लागतं.

हलदीकर
गीतकार जगदीश खेबूडकरांचं उलट झालं की. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचं घर जळालं आणि पहिली कविता त्यातनंच आली म्हणतात, शाळकरी वयात.

तिसरी घंटा
हो, ऐकलंय. ज्याची त्याची छाती वेगळी. मी वाट बघणार.

मंद्रसप्तक
गाण्यातलं सांगते. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी एका संस्थानात रोज गायला लागून पार बसला, आणि परत आला तो पूर्वीसारखा नव्हताच. मग त्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली, पेचदार, वळणाची, तीच आपण जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून ऐकतो. पुढं आपल्या दरबारचे गायक झाले. माझा घसा बिघडला होता तेव्हा माझ्या गाण्याच्या बाईंनी हे सांगितलं आणि म्हणाल्या, वरचा सा लागत नाही ना, मग सध्या खालीच रहा. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम तंबोऱ्यात मिसळला की कानाआधी छातीत कळतो, हे मला तेव्हा समजलं. आज माझ्या बंदिशी तिथूनच सुरू होतात.

मंगळवारपेठ
मी मंडळाच्या सजीव देखाव्याची स्क्रिप्ट लिहितो, अध्यक्ष म्हणतो उद्या रात्री पाहिजे, मग जाऊन तालमीच्या कट्ट्यावर बसतो, तिथं पोरं फुटबॉल मॅचवरनं भांडायला लागल्यात, तेच भांडण उचलायचं आन दोन मावळ्यांच्या तोंडात घालायचं, लोकं म्हणत्यात काय जिवंत डायलॉग हाईत, नाद खुळा, आन ज्यांचं भांडण ती दोघं पुढं हुबारून टाळ्या वाजवायल्यात त्यास्नी पत्त्या न्हाई

शिवाजीपेठ
मंडळ कुठलं त्ये सांग म्हणजे आमी पण बघाय येतो 😄

वहीतली पानं
भाकरी करता करता लिहितेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझं डंकावर सुचतं. एप्रिलात चटणी कुटायला नंबर लावून बसायचं, मिरचीचा खकाणा उठलेला, सगळ्यांचा पदर नाकाला, तरी बोलणं थांबत नाही. कुणाची सून, कुणाच्या बांधाची भांडणं. सगळ्यांच्याच डोळ्यातनं पाणी येत असतं त्यामुळं खरी रडणारी बाई कळतच नाही. एक जण अशी रडली माझ्यासमोर. मला तिच्या हातावरनं कळलं, देठं काढायचं थांबून ती मिरच्या नुसत्या मुठीत धरून बसली होती. घरी आल्यावर चटणी डब्यात भरायच्या आधी तेवढं वहीत उतरवलं. गोष्ट पुष्कळ महिन्यांनी झाली, पण झाली ती त्या मुठीवरनंच.

रेघोट्या
काकू, ही मूठ मी काढून बघू का?

वहीतली पानं
काढ की बाळा, विचारायचं काय त्यात. बोटं जाड काढ, शेतात राबणारी होती.

सातवीगल्ली
काकू गोष्ट वाचायला द्या ना. आणि चटणीला ब्याडगी मिरची किती, जवारी किती घेता?

वहीतली पानं
गोष्ट दिवाळी अंकाला पाठवलीय, छापून आली की इथं कळवते. मी निम्मी निम्मी घेते, पोरांना तिखट सोसत नसेल तर ब्याडगी वाढव. कांदा आधी चांगला वाळवून मग तेलात तळ, ओला राहिला तर चटणीला बुरशी येते. ठेवते आता, तवा तापलाय.