मदत हवी आहे: उंदरांना नळीने अर्क देताना कॉर्टिकोस्टेरॉन कसे मोजावे?

सप्रेम नमस्कार. मी बेळगावात औषधशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून मेथीच्या अर्काचा विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांवरील परिणाम अभ्यासत आहे. अर्क गॅव्हेजने, म्हणजे गोल टोकाची सुई तोंडातून थेट जठरापर्यंत नेऊन, दिला जातो. त्यामुळे मात्रा अचूक जाते, पण मानेमागची कातडी धरताच उंदीर ताठ होतो आणि ताणामुळे वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक साधारण 15 ते 30 मिनिटांत शिखर गाठून मगच हळूहळू उतरते. मग रक्तात दिसलेली वाढ अर्काची की हाताळणीची, हे ठरवायचे कसे? नळीने केवळ पाणी दिलेला गट आहेच. तरी नळी मुळीच न घातलेला तिसरा गटही हवा, असे मला वाटते.

शेंगदाण्याच्या लगद्यातून अर्क स्वखुशीने खाऊ घालता येतो, पण मग प्रत्येकाने किती खाल्ले यावर लक्ष ठेवावे लागते. (कुंदा या मिठाईत कालवा, असे खानापूरच्या मित्राने सुचवले, त्यातल्या साखरेने इन्सुलिनच वर जायचे!) शिवाय उंदीर निशाचर असल्याने कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडण्याच्या सुमारास मुळातच वाढलेले असते, आणि खाद्य दिवसा ठराविक वेळीच दिल्यास त्या वेळेआधीही चढते.

प्रत्यक्ष प्रयोगाआधी नळीची सवय किती दिवस लावावी, आणि शेपटीतून रक्त नेमके केव्हा घ्यावे? असे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.