‘फाइल नॉट सेव्ह’ : इंडोनेशियनमध्ये तिदाक, बलुम की जाङान?

प्रश्न : ॲपमधल्या मजकुराचं इंडोनेशियन भाषांतर करायचं आहे. मूळ इंग्रजी फारच कच्चं आहे. एका ठिकाणी ‘फाइल नॉट सेव्ह’ एवढंच लिहिलंय, मागचंपुढचं काही नाही. ‘तिदाक’ चालेल का?

उत्तर : डोळे झाकून ‘तिदाक’ घालू नका. क्रियापद-विशेषणाला तिदाक, नामाला बुकान, अजून व्हायचं असेल तर बलुम, मनाई असेल तर जाङान. इंग्रजीचं एक ‘नॉट’ इतक्या ठिकाणी फुटतं. आधी ती ओळ पडद्यावर कुठे दिसते ते बघा. बटणावर असेल तर ‘जाङान सिम्पान’, म्हणजे सेव्ह करू नका. फाइलच्या नावाशेजारी असेल तर ‘बलुम दिसिम्पान’, अजून सेव्ह व्हायचीय. सेव्ह करताना अडलं असेल तर ‘गागाल दिसिम्पान’. तिथे ‘तिदाक दिसिम्पान’ लिहिलंत, तर फाइल मुद्दामच सेव्ह केली नाही असाही अर्थ निघतो आणि बिघाड झालाय हे कळतच नाही.

आणखी एक : मूळ लिहिणाऱ्याला ‘म्हणजे काय?’ असं मोघम विचारू नका, तेच वाक्य परत येतं. ‘सेव्ह करायची राहिली, की करताना अडली?’ असे दोनच पर्याय द्या. उत्तर आलंच नाही आणि ओळ बटणावरची नाही एवढं नक्की असेल, तर ‘बलुम तर्सिम्पान’ लिहा. ‘तर-’ हा उपसर्ग लागला की नुसती स्थिती सांगितली जाते, त्यामुळे दोन्ही अर्थांना ते खरं ठरतं.

प्रश्न : आणि ‘वी कॉल यू देन वी मीट’?

उत्तर : इथे मराठी कामाला येते. आधी मराठीत लिहा : ‘आम्ही तुम्हांला फोन करू, मग आपण भेटू.’ ऐकणारा धरून ‘आपण’ ते किता, त्याला वगळून ‘आम्ही’ ते कामी. ‘कामी आकान मनेलेपोन आन्दा, लालु किता बर्तमु.’ पहिल्या जागी किता घातलं, तर फोन करायचं काम ग्राहकाच्याही गळ्यात पडतं. बोलण्यात कामीच्या जागी किता सर्रास ऐकू येतं, पण लेखी मजकुरात ते नको.

पुरवणी : मराठी मसुद्यातला आदरार्थी ‘आपण’ तपासा. ‘आपण फॉर्म भरावा’ इथला आपण म्हणजे आन्दा (आदरार्थी ‘तुम्ही’), किता नव्हे.

शिवाय ‘ओल्ड कस्टमर लिस्ट’सारखं काही आलं तर शब्दांची जागा बघा : ‘दाफ्तार पलाङ्गान लामा’ ही जुन्या ग्राहकांची यादी, ‘दाफ्तार लामा पलाङ्गान’ ही ग्राहकांची जुनी यादी. वयस्कर ग्राहक म्हणायचं असेल तर लामा चालणार नाही, ‘लान्जुत उसिया’ हवं.