‘बंड’ की ‘उठाव’? फिलिपिन्स, फेब्रुवारी १९८६

ओळीमधले: फिलिपिन्सचे हुकूमशहा अध्यक्ष मार्कोस यांची राजवट कशी गेली, या लेखाच्या भाषांतरात मी ‘उठाव’ लिहिले होते, संपादकांनी सरसकट ‘बंड’ केले. संरक्षणमंत्री एनरिले आणि लष्कराचे उपप्रमुख रामोस २२ फेब्रुवारीला छावणीत ठाण मांडून बसले, ते बंड खरेच. पण कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिल्यावर या दोघांच्या रक्षणासाठी मनिलातल्या एड्सा रस्त्यावर लाखो लोक जमले, त्यालाही बंडच म्हणायचे का?

काना_मात्रा: मुळीच नाही. बंड करणारा आधी त्याच गोटातला असावा लागतो. शिपाई सरकारविरुद्ध बंड करतो, आमदार पक्षाविरुद्ध. १८५७ ला ‘शिपायांचे बंड’ म्हणून लहान करण्याची खोड आपण अजून सोडलेली नाही.

पेठकर: आमच्या पेढीवर ‘उठाव’ म्हणजे मालाला मागणी, आणि दिवाळी सोडली तर तो कधीच नसतो! शिवाय एड्सावर लोक उठले कुठे? ते जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे बसले. याला आपल्याकडे ‘ठिय्या’ हा नेमका शब्द आहे.

काना_मात्रा: ‘ठिय्या’ बातमीत ठीक, इतिहासलेखनात उथळ वाटतो. ‘लोकक्रांती’ लिहावे.

रुजुवात: क्रांती कसली? मार्कोस यांच्या जागी सत्तेवर आलेल्या कोराझोन अक्विनो स्वतः बड्या जमीनदार घराण्यातल्या होत्या. माझा आक्षेप मात्र नामापेक्षा क्रियापदाला आहे. ‘जनतेने राजवट उलथवली’ असे लिहिले की निम्मी हकीकत गळते. ७ फेब्रुवारीच्या निवडणुकीची मतमोजणी करणारे संगणकचालकच आकड्यांत फेरफार होत असल्याचे सांगून उठून गेले. २४ तारखेला हेलिकॉप्टरची तुकडी छावणीवर हल्ला करण्याऐवजी तिथेच उतरली आणि बंडवाल्यांना मिळाली. गर्दीवर गोळी झाडायला सैनिक तयार नव्हते आणि अमेरिकेनेही हात काढून घेतला होता, म्हणून राजवट ‘कोसळली’. हे अकर्मक क्रियापदच इथे खरे आहे.

पेठकर: गर्दी नसती तर सैनिकांपुढे तो पेच उभाच राहिला नसता. कर्त्याला वाक्यातून असे हाकलू नका.

ओळीमधले: संपादकांचे नवे टिपण आले आहे. ‘२५ फेब्रुवारीला अध्यक्षपदाची शपथ घेऊन त्याच रात्री मार्कोस निघून गेले’ या वाक्यात हुकूमशहाला आदरार्थी बहुवचन कशाला, असे ते विचारतात.

काना_मात्रा: ‘पळाला’ लिहा.

रुजुवात: मग एनरिलेंनाही एकवचनच लावा, मार्कोस यांचा लष्करी कायदा राबवताना संरक्षणमंत्री तेच होते.