सिरॅमिकवाल्यांनो, आधी तो फडका धुवा

खडूस_कोथरूडकर:
चार ग्रुपमधून फिरत फिरत एक पोस्ट काल माझ्यापर्यंत पोचली. बऱ्याच जणांनी वाचली असेलच, नसेल त्यांच्यासाठी सार: घरी गाडी धुणारे स्वतःच्या हाताने रंगाची वाट लावतात, नवी गाडी शोरूममधून थेट गाड्या चकाकवणाऱ्या स्टुडिओत न्या, सिरॅमिक (रंगावर बसणारं कडक कोटिंग) मारा, '९एच' कडकपणा म्हणजे पाच वर्षं ओरखडा नाही, बादली-शाम्पूचे दिवस गेले. शेवटी 'लाखोंची गाडी घेता आणि तीस हजारांसाठी रडता?' त्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

९एच ही पेन्सिलींची मोजपट्टी आहे हो. कोटिंगवर ९एच पेन्सिल ओढली आणि रेघ उठली नाही, एवढाच अर्थ. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण. त्यांना तुमचं ९एच दिसतसुद्धा नाही.

कंपनीचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. त्यावर गाडीला दहा-पंधरा वर्षं काढायची असतात. आता रोजचा प्रकार बघा. पार्किंगमध्ये रात्रभर धूळ बसते, सकाळी कोणीतरी ओलसर फडक्याने ती गोल गोल फिरवतो, बोनेटवर बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं. जाळं काढायला कटिंग (मशीनने घासणं), कटिंगमध्ये क्लिअर कोट काही मायक्रॉननी उतरतो, उतरलेल्यावर सिरॅमिक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच फडका. तीस हजार कुठे गेले ते ज्याचं त्याने शोधावं.

करायचं एवढंच: कोरडी धूळ पुसायची नाही. आधी भरपूर पाणी, मग गाडीचा शाम्पू (भांड्याचं लिक्विड नाही, ते वॅक्सही उतरवतं), दोन बादल्या (एक शाम्पूची, एक कापड खंगाळायची), छतापासून खाली, चाकांना वेगळं कापड, सावलीत, शेवटी मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. दोन-तीन महिन्यांनी स्प्रे सीलंट (फवारून लावायचा संरक्षक थर). माझी गाडी गडद निळी आहे. टॉर्च घेऊन कोणीही या.

स्टुडिओवाला_पाटील:
माझा धंदाच हा आहे, लपवत नाही. ती पोस्ट मी लिहिलेली नाही आणि '९एच म्हणजे ओरखडा नाही' असं सांगणारा खोटं बोलतो, हेही मान्य. पण तुम्ही सगळं एकाच कढईत तळताय. कोटिंग ओरखड्यासाठी नसतंच. पक्ष्याची घाण, चीक, जड पाण्याचे डाग रंगापर्यंत पोचायला वेळ लागतो, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं. आणि बिलातला मोठा भाग कोटिंगच्या बाटलीचा नसतो, त्याआधीच्या मशीन पॉलिशचा असतो. ते काम नीट करायला अख्खा दिवस जातो. घरच्या घरी रोटरी मशीन भाड्याने आणून बोनेटच्या कडेला थेट रंगाखालचा प्रायमर दिसेपर्यंत घासलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. तेव्हा 'घरी करा' सांगताना जरा जपून.

खडूस_कोथरूडकर:
धुणं सोपं जातं, म्हणजे धुवावं लागतंच. एवढंच त्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी झोपलो असतो. वॉरंटीत 'दर सहा महिन्यांनी मेंटेनन्सला न आल्यास रद्द' हे बारीक अक्षरात असतं, त्याबद्दल दोन शब्द?

स्टुडिओवाला_पाटील:
असतं. बहुतेकांचं असतं. माझंही आहे. आनंद?

पद्मिनीप्रेमी:
बाळांनो, मायक्रॉन मोजत बसा. माझ्या प्रीमियर पद्मिनीला वीस वर्षं पिवळा फडका आणि बादलीत रॉकेलचे चार थेंब, एवढ्यावर अशी चकाकी होती की लग्नाच्या वरातीला लोक मागायला यायचे. शाम्पू आम्ही डोक्यालासुद्धा लावला नाही.

खडूस_कोथरूडकर:
काका, मान राखून सांगतो. पद्मिनीला क्लिअर कोट नव्हताच, वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा थर. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग यायचा की नाही? तो थर रोज थोडा थोडा उतरत होता, म्हणून खालचा ताजा रंग चकाकत होता. आणि रॉकेलने येते ती तेलाची चमक. त्यावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ बसते, दाराचं रबर खराब होतं ते वेगळंच.

पद्मिनीप्रेमी:
रंग यायचा फडक्यावर. पण चकाकी होती ना? झालं तर मग. तुमच्या त्या जाळ्याच्या गाड्यांना वरातीला कोण विचारतं?

वाघोलीची_वैशाली:
सगळ्यांनी फडक्याला शिव्या घातल्या, फडका धरणाऱ्याबद्दल कोणी बोलेल का? आमच्याकडे एक दादा येतात. महिन्याला गाडीमागे सहाशे रुपये. पहाटे पाचला सुरुवात आणि आठच्या आत वीस-बावीस गाड्या, कारण साडेआठला लोक ऑफिसला निघतात. एक बादली. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ, सातव्या गाडीला चहा. मी विचारलं, 'दादा, पाणी बदलत का नाही?' तर म्हणाले, 'ताई, खालचा नळ कमिटीने बंद केलाय. बादली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून भरून आणतो.' आता बोला. जाळं फडक्याने पाडलं की कमिटीने?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
मी वेगळ्या सोसायटीचा, पण आमच्याकडेही नळ बंद आहे आणि तो मीच केलाय. कारण ऐका. पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी पडतं. लोक पाइप चालू ठेवून शेजाऱ्याशी राजकारण बोलतात. वीस मिनिटांत दोन-तीनशे लिटर गटारात. एप्रिलपासून आम्ही १०,००० लिटरचे टँकर घेतो. तीस-चाळीस गाड्या अशा धुतल्या की एक टँकर निव्वळ बोनेटवरून वाहून गेला. चकाकीसाठी मेंटेनन्स वाढवला तर सभेत आधी तुम्हीच ओरडाल.

वाघोलीची_वैशाली:
पाइपवाल्यांची शिक्षा बादलीवाल्यांना का? नळाला पाइप लागणार नाही अशी तोटी बसवा. दीडशे रुपयांची गोष्ट. आणि टँकरच्या दिवसांत स्विमिंग पूल कशाने भरता तेही सांगा.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
पूल ही सुविधा आहे, करारात लिहिलेली. पाणी फिल्टर होऊन पुन्हा वापरलं जातं. उगाच विषय कुठल्या कुठे नेऊ नका.

नागपुरी_पारा:
भाऊ, पूलमध्ये उतरतात किती लोक? आमच्या इथं दोन पोट्टे उतरतात अन् बाकीचे काठावर फोटो काढून राहिले. अन् ते 'सावलीत धुवा' सांगणारे पुणेकर, सावली हाये कुठं? मे महिन्यात आठ वाजता बोनेटवर हात ठेवता येत नाही, शाम्पू घसरायच्या आधीच वाळून चट्टे पडते. साडेपाचला उठा, एका वेळी एकच भाग धुवा, तो खंगाळा, मग पुढचा. कार्नोबा (झाडापासून मिळणाऱ्या) वॅक्सचे पैसे उन्हाळ्यात वाया घालवू नका, काही आठवड्यांत सफाचट होते. सिंथेटिक सीलंट घ्या.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
आमच्याकडे एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून आलेलं) पाणी आहे. बागेला देतो, वाहतं भरपूर. गाड्यांना ते वापरा म्हणून ठराव मांडला तर नाकं मुरडली.

स्टुडिओवाला_पाटील:
नाकं बरोबरच मुरडली. त्या पाण्यात क्षार जास्त. गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके, आणि उन्हात भाजले की ते क्लिअर कोटमध्ये रुततात. मग व्हिनेगर पातळ करून लावा, नाही गेले तर पॉलिश. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडी धुणाऱ्या पर्यावरणप्रेमींनाही हेच सांगणं: पडद्याने अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्याने फरशी पुसा. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी साठवा. ती हवेतली वाफ, क्षार जवळजवळ नाहीतच. शेवटच्या खंगाळण्याला उत्तम.

खडूस_कोथरूडकर:
हे मात्र कामाचं बोललात. स्टुडिओच्या भिंतीवर का लावत नाही? पॅकेजं विकली जाणार नाहीत म्हणून?

बंगळूरवासी_मराठा:
पुण्याचं भांडण बघून करमणूक झाली. आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड लावला. तेव्हा नाइलाजाने रिन्सलेस वॉश, म्हणजे न खंगाळता धुणं, शिकलो. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर द्रव, सात-आठ मायक्रोफायबर त्यात भिजवलेले. एकाची घडी घालून आठ बाजू करायच्या, प्रत्येक बाजू एकदाच वापरायची, मळलेलं कापड बादलीत परत बुडवायचं नाही. द्रवामुळे धूळ कापडात उचलली जाते, घासली जात नाही. पाइप नको, नळ नको, सेक्रेटरी नको. चिखल असेल तर मात्र आधी पाणी मारावंच लागतं.

खडूस_कोथरूडकर:
बिनपाण्याच्या जादूवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही अर्धाच आहे. पण आठ बाजूंची शिस्त पाळली तर रोजच्या फडक्यापेक्षा बरं, हे मानतो. नाखुशीने.

वाघोलीची_वैशाली:
म्हणजे आमच्या दादांना आठ कापडं दिली तर प्रश्न सुटतो? त्यांचा वेळ कोण देणार? गाडीमागे आठ मिनिटं मिळतात. सहाशे रुपयांत स्टुडिओचं काम हवं आणि फडका कळकट म्हणून नाक मुरडायचं! रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवा, पैसे तेवढेच घ्या, असं आमच्या मजल्यावर सुचवलं तर एक गृहस्थ म्हणाले, 'मग पाच दिवस तो काय करणार?' गाडी त्यांची, धूळ त्यांची, आणि चिंता त्याच्या रिकामपणाची.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
ताई, भाषण छान आहे. स्वतः किती देता?

वाघोलीची_वैशाली:
तुम्हाला हिशोब द्यायला मी बांधील नाही. तरी सांगते, आठवड्यातून दोनदा, आठशे, आणि कापडं माझी, घरी धुऊन देते. फॅब्रिक सॉफ्टनर घालत नाही, त्याने कापड पाणी शोषत नाही. आता तुम्ही सांगा, तुमची गाडी कोण पुसतं आणि पाणी कुठून येतं?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
माझी गाडी वॉचमन पुसतो. पाणी बागेच्या नळाचं. लिहा, लिहा, स्क्रीनशॉटही काढा.

नागपुरी_पारा:
😂 काढला बे.

जांभा_आणि_मीठ:
रत्नागिरीतून. तुम्ही बोनेटवरच्या जाळ्यासाठी रडताय, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने गाडी खालून खाल्ली जाते आणि वरून जांभ्याची लाल धूळ. पांढरी गाडी मे महिन्यात भगवी दिसते. वरचा रंग कितीही जपा, पाऊस संपल्यावर खालून पाणी मारलं नाही आणि दाराच्या तळातली पाणी निचरायची भोकं काडीने मोकळी केली नाहीत, तर गंज तिथूनच धरतो. यावर एकही स्टुडिओ पॅकेज काढत नाही, कारण ते इन्स्टावर दिसत नाही.

स्टुडिओवाला_पाटील:
अंडरबॉडीचं पॅकेज आहे माझ्याकडे. पण घेत कोणी नाही हे खरंय.

श्टुटगार्टची_सून:
आमच्या गावात घरासमोर गाडी धुतली तर शेजारी आधी पालिकेला कळवतो, मग 'गुटन मॉर्गन' म्हणतो. तेल आणि साबण जमिनीत जातो म्हणून धुवायची ती वॉशिंग सेंटरवरच. सासूबाई इथे आल्या होत्या, दसऱ्याला गाडीची पूजा केली, बोनेटवर हळदीने स्वस्तिक काढलं. पांढऱ्या रंगावर पिवळा डाग राहिलाय. काय करू?

खडूस_कोथरूडकर:
घासू नका. शाम्पूने धुवा आणि गाडी उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. तुमच्याकडे ऊन असेल तेव्हा. पुढच्या वर्षी स्वस्तिक नंबर प्लेटच्या वर काढा. आणि झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर बोनेटला टेकू देऊ नका. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सगळ्यात जास्त ओरखडे त्या तारेचे दिसतात.

पद्मिनीप्रेमी:
आता देवाच्या हारावरही आक्षेप. चांगलं आहे.

खडूस_कोथरूडकर:
हारावर नाही काका, तारेवर. दोरीत ओवा.

पद्मिनीप्रेमी:
दोरी पावसात सुटते.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
माझं शेवटचं. रविवारी सकाळी सात ते नऊ नळ सुरू, फक्त बादली, गाडीमागे दोन बादल्या, पाइप दिसला तर जप्त. एक महिना प्रयोग म्हणून आमच्या कमिटीसमोर ठेवतो. पुसणाऱ्यांनाही त्याच वेळेत पाणी. पटत नसेल तर तुम्ही व्हा सेक्रेटरी.

वाघोलीची_वैशाली:
पुसणारे पहाटे पाचला येतात. सातला त्यांचं काम संपत आलेलं असतं.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
बरं, पाच ते नऊ. अजून काही?

वाघोलीची_वैशाली:
पूल.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
पूल अजेंड्यावर नाही.

नागपुरी_पारा:
मग घ्या ना भाऊ.