कोंबड्यांची घरघर जाते आणि परत येते. सगळ्या काढाव्या का?

घनसाळ:
नमस्कार मंडळी. आजरा तालुक्यात वाडीवर राहते. घरामागे पस्तीसेक कोंबड्या, निम्म्या गावरान, निम्म्या गिरिराज. भाद्रपदात सासऱ्यांनी बाजारातून चार तलंगा आणल्या, आणि पुढे रात्री खुराड्यातून घरघर ऐकू यायला लागली. दिवसा सगळ्या हिंडतात, उकिरडा उकरतात. पण जवळून बघितलं तर डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकपुडीला भुसा चिकटलेला, मधूनच मान झटकून शिंक. दोघींचा एकेक डोळा सुजून बंद. मेल्या फक्त दोन, अंडी मात्र निम्म्यावर आली.

दुकानातून अमॉक्सिसिलिनची पुडी आणली, ढिम्म फरक नाही. मग दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सीआरडी (कोंबड्यांचा चिवट श्वसनरोग) सांगून टायलोसिन दिलं, त्याने आवाज गेला. आता थंडी पडली आणि परत सुरू. सासूबाई म्हणतात, "कोंबडी हाय, घुरघुरायचीच."

अंडी खावीत का? दोन कोंबड्या खुडूक बसल्यात, त्यांच्याखाली अंडी ठेवू का? आणि नणंदेला संक्रांतीला चार कोंबड्या द्यायचं कबूल केलंय, त्यांचं काय करू?

रानवारा:
हळद, गूळ आणि कांद्याचा रस पाण्यातून द्या. आमच्याकडे आजी हेच करायची. बऱ्या व्हायच्या.

तांबडी_माती:
तोंडाला घाण वास येतो का? चेहरा भप्प सुजतो का? मग ती कोरायझा (कोंबड्यांची जंतूंमुळे होणारी सर्दी) असेल, सीआरडी नव्हे. आणि मानमोडीची लस झाली होती का ते आधी सांगा.

घनसाळ:
वास नाही. मानमोडीची लासोटा लस पिल्लं असताना दिली होती. वाडीतल्या चार घरांनी मिळून कुपी आणली होती, शंभर डोसांची एकटीला कशी परवडणार! माना वाकड्या नाहीत, हिरवी हगवणही नाही.

डालगं:
ताई, माझी सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली, आता निवृत्त आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून डॉक्टरांचं निदान बरोबर वाटतं. सीआरडी मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जंतूमुळे होतो. त्याला पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन नेमका त्या भित्तीवरच घाव घालतात. म्हणून तुमची पुडी वाया गेली. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन यांची काम करायची रीत वेगळी, म्हणून त्यांनी आवाज बसतो. पण जंतू अंगातून पूर्ण जात नाही. कोंबडी चांगली दिसते, जन्मभर तो बाळगते, आणि थंडी, पाऊस, पिसं गळणं, जागा बदलणं असा ताण आला की परत उफाळतो. त्यात ई-कोलाय हा दुसरा जंतू शिरला तर हवेच्या पिशव्यांत पिवळा चिकट थर साचतो. मरतात त्या बहुधा त्याने.

आता तुमचे प्रश्न. हा जंतू माणसाला लागत नाही, अंडी खायला हरकत नाही. फक्त औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत नाही. मुदत छापलेली नसेल तर डॉक्टरांना विचारा. खुडूक कोंबडीखाली मात्र ही अंडी ठेवू नका. रोग अंड्यातून पिल्लात उतरतो. नणंदेला तर अजिबात नको, तिच्या सगळ्या कळपात जाईल.

औषध परत द्यायची वेळ आलीच तर कोंबड्या सकाळी कोंडून तासभर पाणी बंद ठेवा, मग औषधाचंच पाणी पुढ्यात ठेवा. मोकळ्या सुटल्या की डबक्यातलं पितात आणि मात्रा पोटात जात नाही. कुणी टियामुलिन सुचवलं तर पिल्लांच्या तयार खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (रक्ती हगवणीवर खाद्यात घालतात ती औषधं) आहे का ते आधी वाचा. टियामुलिन यांतल्या एकाबरोबरही पोटात गेलं तर पक्षी पायातून जातो, मरतोही. आणि कोंबड्या घुरघुरत असताना लासोटाचा पुढचा डोस घाईने देऊ नका. जिवंत लसच ती, छातीचा त्रास वाढवते.

रानवारा, हळदीने वाईट काही होत नाही. पण हा आजार आपोआपही कमीजास्त होतो, त्यामुळे काहीही दिलं तरी त्यालाच श्रेय मिळतं.

ताई, खुराडं कसं आहे ते लिहा. माझ्या मते अर्धा इलाज तिथेच आहे.

घनसाळ:
जांभ्याच्या भिंती, वर पत्रा. मुंगूस आणि थंडी, म्हणून तिन्ही बाजूंनी प्लास्टिक ताणलंय. खाली भाताचं तूस. वास आला की चुन्याची फक्की मारतो.

डालगं:
आज रात्री आत बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन बघा. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे. त्याने श्वासनळीतले बारीक केस निकामी होतात आणि जंतूला वाट मोकळी मिळते. चुना ओल्या विष्ठेवर पडला की अमोनिया उलट जास्त सुटतो, तेव्हा फक्की बंद. ओलं तूस काढा, कोरडं घाला, रोज खालीवर करा. प्लास्टिक कोंबड्या बसतात त्या दांडीच्या थोडं वरपर्यंतच ठेवा, त्यावर पत्र्यापर्यंत जाळी. वारा अंगावर येता कामा नये, पण वरून हवा खेळली पाहिजे. मुंगसाला जाळी पुरते.

खडकवाट:
डालगंकाका, आदर आहे, पण इलाज करत का बसायचं? माझ्या अंड्यांच्या कोंबड्यांत हेच झालं होतं. औषधाला दरवेळी पैसे, अंडी कमीच. शेवटी सगळ्या काढल्या, खुराडं धुऊन महिनाभर रिकामं ठेवलं आणि तपासणी झालेल्या कळपातली एक दिवसाची पिल्लं आणली. तेव्हापासून घरघर नाही. हा जंतू कोंबडीबाहेर फार काळ टिकत नाही, साध्या जंतुनाशकाने मरतो.

घनसाळ:
पण आमच्या कोंबड्या कुंपणात नाहीत हो. शेजारच्या दोन घरांच्या आणि आमच्या, सगळ्यांचा उकिरडा एकच. त्यांच्याही घुरघुरतात, काल मुद्दाम जाऊन ऐकलं. मी एकटीने रिकामं करून काय होणार? नवी पिल्लं आठवड्यात तिकडे जातील.

खडकवाट:
हे माहीत नव्हतं. माझं सगळं जाळीच्या आत आहे. तुमच्याकडे माझा उपाय चालणार नाही.

डालगं:
बरोबर. तुमच्याकडे हा रोग एका घराचा नाही, वाडीचा आहे. तिन्ही घरं मिळून ठरवा: बाजारातून कोंबडी आणायची नाही, विकायची-द्यायची नाही, यंदा अंडी उबवायची नाहीत. ज्या खातपीत नाहीत त्या आधी काढा. बाकीच्या अंडी देतील तोवर देऊ दे, मग जत्रेला, पाहुण्याला, अशा हळूहळू संपवा. औषधाची मुदत टळली की मांस नीट शिजवून खायला हरकत नाही. तिन्ही खुराडी एकदम रिकामी झाली की धुऊन, चुना लावून तीनचार आठवडे सोडा, मग खडकवाट म्हणतात तशी पिल्लं आणा. त्याआधी रोगाची खात्री करायची असेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. रक्ताचे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतात.

एक मात्र. एकदम भराभर मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तर हात न लावता दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता. अशा कोंबडीला घरी चिरून बघायचं नाही.

घनसाळ:
नाक नेऊन बघितलं, दोन मिनिटंसुद्धा बसवेना. प्लास्टिक उद्या उतरवते. शेजारची काकू तयार आहे, दुसऱ्या घरातले म्हणतात कोंबडा विकायचाय, गिऱ्हाईक आलंय. नणंदेला फोन करून सांगितलं, रागावली थोडी. खुडूक बसलेल्यांना उठवायचं कसं, ते सांगा कुणीतरी.

तांबडी_माती:
तळालाही जाळीच असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, खाली काही अंथरू नका, पिंजरा विटांवर उचलून ठेवा. पोटाखालून वारा लागला की तीनचार दिवसांत नाद सोडतात. पाणी आणि दाणे मात्र नेहमीसारखे द्या.