जनरेटर फक्त चोकवरच चालतोय, चोक सोडला की बंद

घरी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर आहे, फोर स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचा, अडीच केव्हीएचा. बरेच महिने पडून होता, टाकीत पेट्रोल होतं तसंच. आता चालू करायला घेतला तर चोक पूर्ण ओढून सुरू होतो पण चोक सोडला की लगेच गचके खाऊन बंद. अर्ध्या चोकवर चालतो, पण आवाज सारखा वर-खाली वर-खाली होत राहतो, त्याला लावलेला बल्बपण तसाच मोठा-बारीक होतो. प्लग काढून पाहिला, स्पार्क आहे, ऑइल लेव्हल बरोबर आहे. नवीन कार्बोरेटर टाकू का साफ करून भागेल? हातात पाने-स्क्रूड्रायव्हर धरता येतात, पण कार्ब आजवर उघडलेला नाही.

खटपट्या
आवाज वर-खाली म्हणजे गव्हर्नर, इंजिनचा स्पीड सांभाळणारा भाग. स्प्रिंग ढिली झाली असेल, बाजूचा स्क्रू थोडा आवळून बघा.

जुनं इंजिन
खटपट्या भाऊ, रागावू नका पण तो स्क्रू आत्ता अजिबात फिरवू नका. गव्हर्नर बिचारा त्याचं कामच करतोय, इंजिनला पेट्रोल कमी मिळतंय म्हणून स्पीड पडतो, तो थ्रॉटल (हवा-पेट्रोल आत सोडणारी झडप) उघडतो, स्पीड वाढतो, तो मिटतो, परत पडतो, हेच चालू राहतं. आणि अशा बहुतेक जनरेटरमध्ये 3000 आरपीएमला 50 हर्ट्झ मिळतात, लोड नसताना 51-52 असतं ते ठीक, पण कानाच्या अंदाजाने स्क्रू आवळला तर फ्रिक्वेन्सी वाढते आणि कपॅसिटरने व्होल्टेज सांभाळणारा मॉडेल असेल तर व्होल्टेजपण चढतं, मग फ्रिजची जबाबदारी कोण घेणार.

चोकवर चालणं हीच मोठी खूण आहे. चोक ओढला की हवा कमी होते म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं, आणि तेवढं वाढवल्यावरच चालतंय याचा अर्थ बहुतेक कार्बमधला जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तुंबलाय. पेट्रोल पडून राहिलं की उडून जाणारा भाग उडतो आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो, आणि जेटचं भोक असतं मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि तळाचंच पहिलं कार्बमध्ये उतरतं.

नवीन कार्ब लगेच नको. आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या, प्लगची कॅप काढून ठेवा, पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा, हे सगळं बाहेर मोकळ्यात करा, जवळपास विडी-सिगरेट-गॅस काही नको. कार्बच्या खालच्या वाटीला ड्रेन स्क्रू असतो तो सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, खाली पाण्याचा थेंब किंवा गाळ दिसला तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मग वाटीचा मधला बोल्ट काढून वाटी उतरवा, गॅस्केट जपून. मधल्या खांबात खाली मेन जेट असतो पितळेचा, त्याला बरोब्बर बसेल असाच रुंद स्क्रूड्रायव्हर लावा नाहीतर खाच झिजते आणि मग खरंच नवीन कार्ब घ्यावा लागतो. जेटच्या वर बारीक भोकं असलेली नळी असते ती पण खाली येते, लोक ती विसरतात आणि मग "साफ केला तरी तसंच" म्हणतात. कार्ब क्लीनर मारायचा, थोडा वेळ ठेवायचा, हवेने फुंकायचं, उजेडाकडे धरून गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. पायलट जेट वर बाजूला असतो, आवाजाचं वर-खाली बहुतेक वेळा त्याच्यामुळे, तोही काढा. चष्मा घाला, क्लीनर डोळ्यात उडतो.

आणि टाकीतलं सगळं जुनं पेट्रोल काढा, नाहीतर परत तेच.

तारेवरची
पिन किंवा स्टीलची तार जेटमध्ये घालू नये, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर मग धूर आणि काळा प्लग. वायरमधला तांब्याचा एक धागा घ्या. आणि टाकीचं झाकण थोडं ढिलं करून पण चालवून बघा, झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर जनरेटर थोडा वेळ छान चालतो आणि मग पेट्रोल न मिळाल्यासारखा मरतो. तुमचं ते दिसत नाही पण बघायला दोन सेकंद लागतात.

(प्रश्नकर्ता)
जुनं इंजिन साहेब, बाटलीत खाली खरंच पाणी होतं. दोन्ही जेट काढून साफ केले, नळीची भोकं जवळपास सगळी बुजलेली. आता चोकशिवाय एकदम गुळगुळीत चालतोय. पण नवीनच भानगड, करंटच नाही! बल्ब लागत नाही, मीटरवर चारपाच व्होल्ट दाखवतंय, ब्रेकर चालू आहे. कार्ब काढताना काही तुटलं असेल का?

अल्टरनेटरवाला
कार्बचा काही संबंध नाही. बल्ब लावलेला असताना इंजिन सारखं बंद पडत होतं ना, तसं लोडवर इंजिन थांबलं की रोटरमधलं (करंट बनवणाऱ्या भागातला फिरणारा गाभा) उरलेलं चुंबकत्व जाऊ शकतं, आणि त्या थोड्याशा चुंबकत्वावरच तर सुरुवातीचं व्होल्टेज तयार होतं. चारपाच व्होल्ट हे त्याचंच लक्षण, पण ब्रश अडकला तरी असंच दिसतं.

मागचं झाकण काढून बघा, दोन कार्बन ब्रश आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) आहे का. असेल तर इंजिन बंद ठेवून ब्रशच्या वायरी काढा, प्लस-मायनस कुठली ते आधी लिहून ठेवा, ब्रश रोटरवरच्या रिंगला नीट टेकतायत का बघा, दोन रिंगांमधला रेझिस्टन्स मोजा, मीटर जोडणीच दाखवत नसेल (ओपन, OL) तर रोटरची वायर तुटली आहे, तिथेच थांबा. ठीक असेल तर 12 व्होल्टची बॅटरी प्लसला प्लस धरून ब्रशना एक-दोन सेकंद लावा, बॅटरी काढा, वायरी परत जोडा आणि काहीही लोड न लावता चालू करा. ब्रश नसलेला कपॅसिटरवाला असेल तर हे लागू नाही, आणि तो कपॅसिटर बंद मशीनमध्येही झटका देतो, हात लावू नका.

यापुढे बंद करताना आधी लोड काढायचा, मग इंजिन.

(प्रश्नकर्ता)
ब्रशवालाच निघाला. बॅटरी लावली आणि 228 व्होल्ट आले! दार उघडं ठेवून मागच्या खोलीत चालवला तर चालेल ना, पावसात बाहेर भिजतो. आणि घराच्या सॉकेटमध्येच उलटी वायर लावून सगळं घर चालवता येतं असं एकजण म्हणाला.

तारेवरची
दोन्हीला नाही. दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. बाहेर, खिडक्या-दारांपासून निदान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर चारी बाजूंनी मोकळं छप्पर. आणि सॉकेटमध्ये उलटी वायर म्हणजे करंट बाहेरच्या लाइनवर जातो, खांबावर काम करणारा लाइनमन त्यात सापडतो, आणि लाइट परत आली की जनरेटरही जळतो. घर जोडायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यातलं एकच घराला जोडणारा) बसवून घ्या.

जुनं इंजिन
वापर नसेल तेव्हा कॉक बंद करून, लोड काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटी रिकामी होते. महिन्यातून एकदा पंधरावीस मिनिटं लोडवर चालवला तर जेट तुंबायची वेळच येत नाही. ऑइल 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते, आणि आत्ता एकदा बदलाच, चोकवर इतकं चाललंय तर त्यात पेट्रोल उतरलेलं असू शकतं, डिपस्टिकचा वास घेऊन बघा.